मण्यांनी विणलेला शब्द

उन्हाळ्याच्या सुट्टीत आपल्या अनेक धर्मग्रामांतून मुलामुलींची शिबिरे भरतात. बायबलमधील कथा, गाणी आणि खेळ यांच्या जोडीला तेथे एखादी हस्तकलाही शिकवली जाते. मनगटावर बांधावयाचा मण्यांचा पट्टा विणणे ही त्यांतलीच एक कला. संस्कृतात मनगटाला ‘मणिबंध’ म्हणतात. मणी बांधण्याची जागा ती मणिबंध. माणसाच्या देहाच्या एका सांध्याला ज्या हौसेवरून नाव मिळाले, ती हौस किती जुनी असेल याची कल्पना करावी.

साधन अगदी साधे आहे. हातभर लांबीची लाकडी चौकट, तिच्या दोन्ही टोकांस खाचा आणि त्या खाचांतून ताणून बसवलेले उभे दोरे. हा झाला ताणा. पट्ट्याच्या रुंदीत सात मणी हवे असतील तर ताण्याला आठ दोरे लागतात, कारण प्रत्येक मणी दोन दोऱ्यांमधल्या फटीत बसतो. बाण्याचा दोरा बारीक सुईत ओवून कडेच्या दोऱ्याला बांधावयाचा, सुईवर सात मणी घ्यावयाचे, तो सर ताण्याच्या खालून आडवा न्यावयाचा आणि बोटाने खालून दाब देऊन एकेक मणी आपापल्या फटीत वर उचलावयाचा. मग सुई फिरवून त्याच सात मण्यांतून, परंतु या वेळी ताण्याच्या वरून, मागे आणावयाची. बाणा एकदा खालून व एकदा वरून गेल्यामुळे ताण्याचा प्रत्येक दोरा दोहोंमध्ये धरला जातो आणि मणी जागच्या जागी बसतात. परतताना सुई चुकून एखाद्या दोऱ्याच्या खालून गेली, तर तेथील मणी पकडीत येत नाही. ओळ ढिली पडते व उसवून पुन्हा विणावी लागते.

पट्टा पुरा झाला, तरी ताण्याचे उरलेले दोरे कोणी कापून टाकीत नाही. दोन्ही टोकांस त्यांच्या वेण्या घालतात. त्या वेण्या एकमेकींवर उलट दिशांनी ठेवून, वेगळ्या दोऱ्याने दोघींभोवती अशा गाठी मारतात की वेण्या आतून सरकू शकतील. वेण्यांची शेपटे ओढली की पट्टा मनगटावर आवळतो. पट्टाच दोन्ही बाजूंनी ओढला की तो सैल होतो. ठुशीच्या मागे रेशमी दोऱ्याची जी सरकती गाठ असते, तिचेही काम हेच. विणणारीला मनगट कोणाचे हे ठाऊक नसते. म्हणून शेवट घेणाऱ्याच्या मापासाठी मोकळा ठेवावयाचा, असा या कलेचा नियम आहे.

अशी वीण जगात अनेकांनी आपापल्या परीने साधली असेल. परंतु जिच्यात राष्ट्रांचे करार, मृतांचे सांत्वन आणि पवित्र मरियेला केलेले नवस विणले गेले, अशी एक परंपरा उत्तर अमेरिकेच्या ईशान्य भागातील आदिवासींची आहे. तिचा आपल्या ख्रिस्तसभेच्या इतिहासाशी निकटचा संबंध आहे. तो इतिहास अभिमानाचा आहे, तसाच लज्जेचाही आहे. दोन्ही बाजू वाचकांपुढे ठेवाव्यात असे आम्हांस वाटते.

शिंपल्याचा मणी

काचेचा मणी अमेरिकेत पोहोचण्यापूर्वी तेथील मणी शिंपल्याचा होता. लाँग आयलंड आणि दक्षिण न्यू इंग्लंडच्या किनाऱ्यावर नॅरागॅन्सेट, पीक्वॉट इत्यादी जमाती राहत. पांढरा मणी ते मोठ्या शंखाच्या मधल्या दांड्यापासून करीत आणि जांभळा मणी ‘क्वाहॉग’ नावाच्या जाड शिंपल्यापासून. या शिंपल्याचा जांभळा भाग अगदी थोडा असतो. साहजिकच जांभळ्या मण्याचे मोल अधिक. शिंपला फोडावयाचा, तुकडा दगडावर घासून नळीसारखा गोल करावयाचा आणि दोन्ही टोकांकडून छिद्र पाडीत मध्यावर मिळवावयाचे. मणी ठिसूळ, त्यामुळे भोक पाडतानाच अनेक मणी फुटत. युरोपीय लोकांकडून लोखंडी टोचे मिळू लागल्यावर हे काम सुकर झाले आणि मणी अधिक बारीक व एकसारखे होऊ लागले. या मण्यांना ‘वाम्पम’ म्हणतात.

सतराव्या शतकात नाण्यांची टंचाई भासली, तेव्हा डच आणि इंग्रज वसाहतवाल्यांनी वाम्पमचा चलनासारखा वापर केला. त्यामुळे ‘वाम्पम म्हणजे आदिवासींचा पैसा’ अशी समजूत पसरली. ती अपुरी आहे. ज्यांनी ते मणी घडवले व विणले, त्यांच्या दृष्टीने वाम्पमचे खरे मोल बाजारात नव्हते. ते सभेत होते.

सभेत बोलावयास उभा राहिलेला वक्ता हातात मण्यांचा सर किंवा विणलेला पट्टा धरी. पट्टा हाती असल्याशिवाय बोललेला शब्द वाऱ्यावरचा. पट्ट्यासह बोललेला शब्द बांधून ठेवणारा. समोरच्या पक्षाने पट्टा स्वीकारला म्हणजे त्याने ते म्हणणे ऐकून मनावर घेतले, आणि परत केला म्हणजे ते नाकारले. स्वीकारणाऱ्यावर एक कर्तव्य येऊन पडे, ते म्हणजे उत्तर देण्याचे. पट्ट्याला पट्ट्याने उत्तर दिले जाई. असे पट्टे जपून ठेवणारे आणि कोणत्या पट्ट्यात कोणता शब्द आहे हे पाठ सांगणारे जाणते लोक प्रत्येक राष्ट्रात असत. ज्या समाजात कागद व शाई नव्हती, त्याने आपली दप्तरे अशी मण्यांत राखली.

होडेनोशोनी राष्ट्रसंघाची (युरोपीय लोक त्यांना इरोक्वा म्हणत) परंपरा सांगते की, हायावाथा नावाच्या पुरुषाच्या मुली एकामागून एक मरण पावल्या. शोकाने वेडावून तो रानोमाळ भटकू लागला. त्याने मण्यांचे सर करून स्वतःशीच म्हटले की, माझ्यासारखा दुःखी कोणी भेटला तर हे सर हातात घेऊन मी त्याचे सांत्वन करीन. पुढे शांतिदूत म्हणून ओळखला जाणारा महापुरुष त्याला भेटला व त्यानेच हे सर उचलून हायावाथाचे सांत्वन केले. आजही या लोकांच्या शोकविधीत मण्यांच्या सरांसह तीन गोष्टी प्रथम बोलल्या जातात. एका सराने दुःखिताचे डोळे पुसले जातात, म्हणजे त्याला पुन्हा दिसावे. दुसऱ्याने कान मोकळे केले जातात, म्हणजे त्याला ऐकू यावे. तिसऱ्याने घशातला अवंढा दूर केला जातो, म्हणजे त्याला बोलता यावे. आपल्याकडे मृताच्या घरी जमून रोझरी म्हणणाऱ्या कुटुंबांना या विधीचा अर्थ निराळा समजावून सांगण्याची गरज पडू नये.

या राष्ट्रसंघाचा सर्वांत प्रसिद्ध पट्टा हायावाथाच्याच नावाने ओळखला जातो. त्याच्या रुंदीत ३८ मणी व लांबीत १७३ ओळी, असे एकूण ६,५७४ मणी आहेत. त्यांपैकी ५,६८२ जांभळे व ८९२ पांढरे. जांभळ्या भूमीवर मधोमध वृक्षाची पांढरी आकृती आहे, ती ओनोन्डागा राष्ट्राची. तिच्या दोन्ही बाजूंस दोन दोन चौकोन आहेत, ते मोहॉक, ओनायडा, कायुगा व सेनेका या राष्ट्रांचे. पाचही आकृती एका पांढऱ्या रेषेने जोडलेल्या आहेत. विशेष म्हणजे ही रेषा शेवटच्या चौकोनाशी थांबत नाही; ती दोन्ही बाजूंनी पट्ट्याच्या काठापर्यंत जाते. जे कोणी अन्य राष्ट्र या शांतीत येऊ इच्छील त्याच्यासाठी ती वाट ठेवलेली आहे, असा तिचा अर्थ सांगतात. अठराव्या शतकाच्या पूर्वार्धात टस्करोरा लोक त्या वाटेने आले आणि पाच राष्ट्रांची सहा झाली.

संत कातेरीचे हात

या लोकांत शुभवर्तमान घेऊन गेले ते फ्रेंच येशूसंघीय धर्मगुरू. ज्या संघाचे फादर थॉमस स्टीफन्स यांनी गोव्यात मराठी आत्मसात करून १६१६ साली ‘ख्रिस्तपुराण’ प्रसिद्ध केले, त्याच संघाचे हे बंधू. संत जॉं द ब्रेबफ यांनी ह्युरॉन (ते स्वतःला वेंडाट म्हणतात) भाषेचा सखोल अभ्यास केला. १६४९ च्या मार्चमध्ये होडेनोशोनी योद्ध्यांच्या हातून त्यांना रक्तसाक्षित्व लाभले. त्याच धाडीत ह्युरॉन राष्ट्राची धूळधाण झाली आणि वाचलेले काहीजण क्वेबेकच्या आश्रयास आले. मण्यांच्या पट्ट्यांनी शांती राखणारी माणसे परस्परांशी असे भीषण युद्धही करीत, हे सत्य लपविण्यात अर्थ नाही. दिलेला शब्द मोडण्याचे पाप कोणा एका वंशाची मिरास नाही.

ज्या मोहॉक राष्ट्रात धर्मगुरूंचे रक्त सांडले, त्याच राष्ट्रात १६५६ साली एका मुलीचा जन्म झाला. वडील मोहॉक सरदार, आई अल्गोंक्विन जमातीची ख्रिस्ती स्त्री. मुलगी चार-पाच वर्षांची असताना देवीच्या साथीने आई, वडील व धाकटा भाऊ यांना नेले. ती जगली, परंतु चेहऱ्यावर वण राहिले आणि दृष्टी इतकी अधू झाली की उजेड तिला सोसवत नसे. तिच्या ‘टेकाक्विथा’ या नावाचा अर्थ ‘चाचपडत चालणारी’ असा सांगितला जातो. १६७६ च्या ईस्टरच्या दिवशी तिचा स्नानसंस्कार झाला आणि संत कॅथरिनच्या नावावरून तिला ‘कातेरी’ हे नाव मिळाले. गावातील छळ असह्य झाल्यावर १६७७ साली ती माँट्रियलनजीकच्या कानावाके येथील ख्रिस्ती वस्तीत आली. त्या मिशनचे नाव होते संत फ्रान्सिस झेवियर! ज्या संताचे पवित्र अवशेष आपल्या गोव्यात आहेत, त्याच्याच छत्राखाली हजारो कोस दूर ही अनाथ मुलगी नांदत होती, हा योग आम्हांस मोठा हृद्य वाटतो.

कातेरीला जवळून पाहिलेल्या फादर शोशतिएर व फादर शोलनेक या दोन धर्मगुरूंनी तिची चरित्रे लिहिली. तिच्या प्रार्थनेइतकेच तिच्या हातांचेही वर्णन त्यांत येते. साळिंदराच्या काट्यांची नक्षी, लाकडाचे भारे पाठीवर वाहण्यासाठी कपाळाला लावावयाचे विणलेले पट्टे आणि सभांमध्ये राष्ट्रांचे व्यवहार ज्यांच्या साक्षीने होत ते मण्यांचे पट्टे, ही सारी कामे तिला उत्तम येत. वाचकांनी क्षणभर विचार करावा. जिला प्रकाश सोसवत नव्हता, ती एकेक मणी बोटाने चाचपून त्याच्या फटीत बसवीत होती. जे पट्टे पुढे वृद्ध पुरुष सभेत उंच धरून बोलणार, ते एका अधू दृष्टीच्या पोरक्या मुलीच्या बोटांखालून जात होते. १७ एप्रिल १६८० रोजी, वयाच्या चोविसाव्या वर्षी ती वारली. पोप दुसरे जॉन पॉल यांनी १९८० साली तिला धन्यवादित घोषित केले आणि पोप सोळावे बेनेडिक्ट यांनी २१ ऑक्टोबर २०१२ रोजी तिला संतपद बहाल केले. आजचे संयुक्त संस्थान व कॅनडा या प्रदेशांतील आदिवासींमधून संतपदाचा मान मिळालेली ती पहिलीच.

चार्ट्रला गेलेला पट्टा

क्वेबेकजवळ विसावलेल्या ह्युरॉन ख्रिस्ती लोकांसाठी फादर पिएर शोमोनो यांनी इटलीतील लोरेतोच्या पवित्र गृहाच्या नमुन्यावर एक मंदिर उभारले आणि त्या वस्तीला लोरेत हेच नाव पडले. १६७८ साली या भाविकांनी एक मोठा मण्यांचा पट्टा विणून समुद्रापार फ्रान्समधील चार्ट्रच्या कॅथेड्रलला पवित्र मरियेच्या चरणी पाठवला. वीण त्यांचीच, मणी त्यांच्याच सभांतले; परंतु त्या मण्यांतून उमटवली होती लॅटिन अक्षरे: ‘व्हिर्जिनी पारितुरे व्होतुम ह्युरोनुम’. प्रसूत होणार असलेल्या कुमारिकेला ह्युरॉन लोकांचा नवस, असा त्याचा अर्थ.

युरोपातील भाविकांना ती एक दुर्मीळ, चमत्कारिक भेट वाटली असेल. पाठवणाऱ्यांच्या लेखी तो शब्द होता. देश, शेती, आप्त सारे गमावलेल्या एका लहानशा समाजाने जगातील एका थोर मंदिराशी, बरोबरीच्या नात्याने, आपल्या रीतीप्रमाणे करार केला होता. आणि चार्ट्रच्या धर्मगुरूमंडळाने, रीत पूर्ण उमगली असो वा नसो, योग्य तेच केले. त्यांनी उत्तर दिले. मरियेच्या पवित्र वस्त्राच्या आकाराचे चांदीचे अवशेषपात्र घडवून त्यांनी ते लोरेतच्या ह्युरॉनांना पाठवले. पुढे १६९९ मध्ये अबेनाकी जमातीच्या ख्रिस्ती लोकांनीही चार्ट्रला असाच पट्टा अर्पण केला. हे दोन्ही पट्टे चार्ट्रच्या कॅथेड्रलने तीनशेहून अधिक वर्षे जतन केले आहेत.

१८३१ साली माँट्रियलजवळच्या कानेसाताके येथील अल्गोंक्विन, निपिसिंग व मोहॉक ख्रिस्ती लोकांनी असाच एक पट्टा थेट रोमला, नुकतेच पोपपदी आलेले सोळावे ग्रेगरी यांच्याकडे पाठवला. आपल्याला परमपित्याच्या एकाच कुटुंबात मोजले जावे, ही त्यामागील भावना ओळखणे अवघड नाही.

शिंपल्यापासून काचेपर्यंत

दरम्यान मणी बदलला होता. व्हेनिसजवळील मुरानो बेटावरचे काचमणी, आणि पुढे बोहेमियातले, पिंपांत भरून अमेरिकेत येऊ लागले. मण्यांचा असा सागरी व्यापार आपल्या किनाऱ्यालाही अपरिचित नव्हता. आफ्रिकेच्या पूर्व किनाऱ्यावर सापडणारे काही काचमणी चौलच्या बाजूचे असावेत, असे काचेच्या रासायनिक पृथक्करणावरून संशोधकांना वाटते. काचेच्या बारीक मण्याला सुईही बारीक लागते; शिंपल्याच्या मण्याला हवा असलेला वाखाचा जाड दोरा जाऊन सुती व रेशमी दोरा आला. सरोवरांकाठच्या ओजिब्वे स्त्रिया वाकवलेल्या फांदीच्या धनुष्याकृती मागावर, तर पुढे लाकडी चौकटीच्या मागावर, फुलापानांचे व भूमितीच्या आकृत्यांचे रंगीत पट्टे विणू लागल्या. शिबिरातील चौकट ती हीच. वीणही तीच: बाणा एकदा खालून, एकदा वरून.

परंतु या काळात दुसरे काही उसवत होते. एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात अनेक पवित्र पट्टे त्यांच्या राखणदारांच्या हातून निसटून संग्राहकांकडे व वस्तुसंग्रहालयांत गेले. त्याहून भयंकर गोष्ट म्हणजे मुले गेली. कॅनडाच्या सरकारी धोरणाने विसाव्या शतकाच्या अखेरपर्यंत सुमारे दीड लाख आदिवासी मुलांना घरापासून तोडून निवासी शाळांत ठेवले. तेथे त्यांचे केस कापले गेले, मातृभाषा बोलल्याबद्दल त्यांना शिक्षा झाल्या. कित्येकांचा छळ झाला, कित्येक घरी परतलीच नाहीत. या शाळांपैकी बऱ्याच शाळा कॅथोलिक संस्था चालवीत होत्या. चार्ट्रच्या वेदीपाशी ज्यांचा शब्द आपण स्वीकारला, त्यांच्याच नातवंडा-पणतवंडांच्या तोंडचा शब्द आपण काढून घेतला. आम्ही येथे ‘आपण’ म्हणतो ते जाणूनबुजून. संतांचा गौरव आपला म्हणावयाचा आणि अपराध मात्र परक्यांचा, हे ख्रिस्तसभेच्या लेकरांना शोभत नाही.

उत्तर

उत्तर उशिरा आले, पण ते येऊ लागले आहे. १९८८ साली अकरा पट्टे ग्रँड नदीकाठच्या सहा राष्ट्रांना परत मिळाले. १९८९ साली न्यूयॉर्क राज्याच्या वस्तुसंग्रहालयाने बारा पट्टे ओनोन्डागा राष्ट्राच्या स्वाधीन केले. त्यांत हायावाथाचा पट्टाही होता. २०२२ च्या वसंतात कॅनडातील आदिवासींचे प्रतिनिधी रोमला गेले, तेव्हा त्यांनी पोप फ्रान्सिस यांच्या हाती लहान मुलांच्या मऊ चामडी पादत्राणांचे, म्हणजे मोकॅसिनचे, दोन जोड ठेवले आणि आमच्या देशी याल तेव्हा हे परत घेऊन या, असे सांगितले. भेटीच्या रूपाने दिलेला हा शब्दच होता, आणि त्याला उत्तर देणे भाग होते. १ एप्रिल रोजी पोप महाशयांनी रोममध्ये क्षमा मागितली, आणि २५ जुलै २०२२ रोजी आल्बर्टा प्रांतातील मास्कवासिस येथे जाऊन, आदिवासींच्या भूमीवर उभे राहून, त्यांनी पुन्हा क्षमायाचना केली. ते मोकॅसिनही त्यांनी परत नेले होते.

१८३१ चा तो रोमचा पट्टा २०२३ साली माँट्रियलच्या एका प्रदर्शनासाठी काही काळ मायभूमीस येऊन गेला. १९२५ साली पोप अकरावे पायस यांच्या काळात व्हॅटिकनमध्ये भरलेल्या मिशन प्रदर्शनाच्या निमित्ताने अनेक आदिवासी वस्तू रोमला आल्या होत्या. पोप चौदावे लिओ यांनी २०२५ च्या नोव्हेंबरमध्ये व्हॅटिकनच्या संग्रहातील ६२ वस्तू कॅनडाच्या बिशपांकडे, त्या आदिवासी समाजांना पोहोचत्या कराव्यात म्हणून, सुपूर्द केल्या. गेलेले बालपण यामुळे परत येत नाही. तरीही पट्ट्याच्या परंपरेत एक गोष्ट निश्चित आहे: उत्तर न देणाऱ्यापेक्षा उशिरा देणारा बरा.

तेव्हा पुढील सुट्टीत आपल्या धर्मग्रामातील मुली चौकटीवर दोरे ताणू लागतील, त्या वेळी शिकवणाऱ्या ताईने त्यांना थोडेसे अधिक सांगावे अशी आमची विनंती आहे. उजेडाला डोळे मिटणाऱ्या कातेरीविषयी सांगावे. सर्वस्व गमावूनही मरियेला नवस पाठवणाऱ्या ह्युरॉन लोकांविषयी सांगावे. आणि त्यांच्या लेकरांवर झालेल्या अन्यायाविषयीही, मुलींच्या वयाला पेलेल अशा भाषेत, सांगावे. ओळ चुकली तर ती झाकू नये. सुई मागे घेऊन उसवावी आणि पुन्हा विणावी, हे तर त्या कामातच शिकवले जाते. आणि शेवटी गाठ मारताना ती सरकती ठेवावी. तो पट्टा कोणाच्या मनगटावर जाणार आहे, हे आपल्याला ठाऊक नसते.